‘मि प्लातो’ आणि ताटाबाहेरचे प्रश्न : अमेरिकेतील लॅटिनो कुटुंबांसाठीच्या आहारशिक्षणाची एक समीक्षा

१. प्रस्तावना

समीक्षा म्हटले की आपल्याला कथा, कविता, नाटक आठवते. परंतु लोकांच्या सवयी बदलाव्यात म्हणून सरकार आणि संस्था जी पत्रके, भित्तिपत्रके आणि चित्रफिती काढतात, तेही लेखनच असते. त्यातही कोणीतरी बोलत असते, कोणाला तरी उद्देशून बोलत असते, आणि काही गोष्टींबद्दल मौन पाळत असते. म्हणून अशा साहित्याचीही समीक्षा करता येते, आणि ती करणे आवश्यक असते, कारण त्याचा परिणाम थेट माणसांच्या घरात होतो.

या टिपणात आपण अमेरिकेतील लॅटिनो कुटुंबांना, विशेषतः मुले असलेल्या कुटुंबांना, दिल्या जाणाऱ्या आहारशिक्षणाकडे पाहणार आहोत. मध्यवर्ती उदाहरण म्हणून ‘मि प्लातो’, म्हणजे ‘माझे ताट’, हे अमेरिकेच्या कृषी विभागाचे स्पॅनिशमधील चित्र घेतले आहे. मी अभियांत्रिकीचा शिक्षक आहे, आहारतज्ज्ञ नाही. त्यामुळे येथे आहाराचा सल्ला दिलेला नाही. एखादी रचना ज्या कामासाठी केली ते काम ती करते का, आणि करत नसल्यास दोष वापरणाऱ्याचा की रचनेचा, एवढाच प्रश्न विचारला आहे.

२. पार्श्वभूमी

‘लॅटिनो’ किंवा ‘हिस्पॅनिक’ या नावाखाली मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्युबा, डॉमिनिकन प्रजासत्ताक, एल साल्वादोर, ग्वातेमाला, कोलंबिया अशा अनेक ठिकाणी मुळे असलेले लोक येतात. २०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या १८.७ टक्के होती. सर्वांत मोठा गट मेक्सिकन मूळ असलेल्यांचा आहे.

या समाजातील मुलांच्या आरोग्याबद्दलची चिंता निराधार नाही. २०१७ ते मार्च २०२० या काळातील राष्ट्रीय पाहणीनुसार २ ते १९ या वयोगटात लठ्ठपणाचे प्रमाण सर्व मुलांमध्ये १९.७ टक्के, तर हिस्पॅनिक मुलांमध्ये २६.२ टक्के होते. गोऱ्या मुलांमध्ये ते १६.६ टक्के होते. पूर्वी मोठ्यांचाच समजला जाणारा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आता किशोरवयात दिसू लागला आहे, आणि लॅटिनो मुलांमध्ये त्याचा धोका अधिक आहे. तेव्हा काहीतरी करायला हवे याबद्दल वाद नाही. काय करायचे आणि कोणाला सांगायचे, याबद्दल आहे.

३. ‘मि प्लातो’ने काय साधले

कृषी विभागाने १९९२ मध्ये अन्नाचा पिरॅमिड आणला होता. २००५ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. दोन्ही समजायला अवघड असल्याची टीका झाली. त्यानंतर २ जून २०११ रोजी मिशेल ओबामा यांच्या उपस्थितीत ताटाचे नवे चित्र जाहीर झाले. ताटाचे चार भाग : फळे, भाज्या, धान्ये, प्रथिने. बाजूला दुग्धजन्य पदार्थांचे एक छोटे वर्तुळ. अर्धे ताट फळे आणि भाज्यांनी भरा, हा मुख्य संदेश. याचीच स्पॅनिश आवृत्ती म्हणजे ‘मि प्लातो’.

या रचनेचे गुण आधी मान्य केले पाहिजेत. पिरॅमिड कोणी जेवत नाही, ताटात मात्र सगळेच जेवतात. कॅलरी मोजायला लागत नाहीत, वजनकाटा लागत नाही, फारसे वाचताही यावे लागत नाही. लहान मूलही चित्र पाहून समजू शकते. भारतातही हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसभराच्या आहारासाठी ताटाचेच चित्र वापरले आहे. म्हणजे कल्पना उपयुक्त आहे. प्रश्न पुढे सुरू होतात.

४. पहिला आक्षेप : भाषांतर झाले, पण ताट तेच राहिले

इंग्रजी शब्दांच्या जागी स्पॅनिश शब्द आले म्हणजे साहित्य त्या समाजाचे झाले असे होत नाही. चार कप्प्यांचे ताट हे मांस, भाजी आणि बटाटा वेगवेगळे वाढण्याच्या पद्धतीतून आलेले आहे. मेक्सिकन घरातील जेवण बहुधा तसे नसते. ‘पोसोले’ हा मक्याचा रस्सा असतो. त्यात धान्य, मांस आणि भाजी एकाच वाडग्यात असतात. टॉर्टियामध्ये गुंडाळलेल्या घासात तीन कप्पे एकत्र आलेले असतात. एल साल्वादोरच्या पुपुसाच्या पोटात घेवडा आणि चीज असते. आपल्याकडे कोणी वरणफळे किंवा खिचडी चार कप्प्यांत विभागून दाखवा म्हटले तर जी अडचण होईल, तीच येथे होते. विभागाने पुढे मिश्र पदार्थांबद्दल सूचना दिल्या, पण भिंतीवर लागते ते चित्रच, आणि लक्षात राहते तेही चित्रच.

दुधाच्या वर्तुळाचेही तसेच आहे. लॅटिन अमेरिकी वंशाच्या बऱ्याच लोकांना मोठेपणी दुधातील लॅक्टोज नीट पचत नाही. लॅक्टोजविरहित दूध किंवा सोयापेय चालेल असे सविस्तर माहितीत सांगितलेले असते. परंतु कॅल्शियमचा जो स्रोत त्या स्वयंपाकघरात शतकानुशतके आहे, त्याला चित्रात जागा नाही. तो स्रोत म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका.

ही प्रक्रिया समजून घेण्यासारखी आहे. तिला ‘निक्स्तामालीकरण’ म्हणतात. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजत ठेवतात, मग धुऊन वाटतात. त्याने दाण्यावरचे टरफल सुटते, पीठ मळता येते, पिठात कॅल्शियम वाढते आणि मक्यात बांधलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगे होते. युरोपने मका नेला, पण ही प्रक्रिया नेली नाही. त्यामुळे जेथे गरीब लोक मुख्यतः मक्यावर जगत, तेथे पेलाग्रा हा रोग पसरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो अमेरिकेच्या दक्षिण भागातही मोठ्या प्रमाणावर होता. शिवाय मक्याच्या टॉर्टियाबरोबर फ्रिहोलेस, म्हणजे शिजवलेला घेवडा किंवा राजमा, खाल्ला की मक्यात कमी असलेले लायसिन घेवड्यातून मिळते. भाकरी आणि वरण एकत्र खाण्यामागे जे तत्त्व आहे तेच हे. अशा परंपरेला ‘सुधारण्याची गरज असलेला आहार’ एवढीच जागा देणे म्हणजे तयार असलेले भांडवल बाजूला ठेवून कर्ज काढण्यासारखे आहे.

संशोधनाचा कलही याच बाजूचा आहे. स्थलांतरित लॅटिनो कुटुंबांचा आहार अमेरिकन जीवनशैलीशी जितका जुळत जातो तितका तो सुधारतोच असे नाही. उलट, कमी मिसळलेल्या कुटुंबांत फळे, भात आणि घेवडा जास्त आणि साखर व गोड पेये कमी असतात, असे अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर दिसले आहे. मग ‘निरोगी खायला शिका’ या वाक्याचा अर्थच तपासावा लागतो. काही बाबतीत या कुटुंबांना नवे शिकण्यापेक्षा जुने टिकवण्यासाठी मदत हवी आहे.

५. दुसरा आक्षेप : सगळे आईलाच सांगितलेले

या प्रकारचे बहुतेक साहित्य आईला उद्देशून असते. आईने काय विकत घ्यावे, काय शिजवावे, मुलाने हट्ट केला तर काय करावे. यात तीन गोष्टी सुटतात.

एक, घरात अबुएला, म्हणजे आजी, असते. अन्नाचा तुटवडा पाहिलेल्या पिढीला गुटगुटीत मूल म्हणजे निरोगी मूल वाटते, आणि ताटात काही टाकू नये ही शिकवण तिने आयुष्यभर पाळलेली असते. सून किंवा लेक पत्रक वाचून आली म्हणून आजी नातवाचा घास कमी करणार नाही. हे दृश्य मराठी वाचकाला परके वाटू नये.

दोन, वडील. खरेदी, बाहेरचे खाणे, घरी येताना आणलेली सोड्याची बाटली यांत त्यांचा वाटा असतो, पण पत्रकात ते क्वचितच दिसतात.

तीन, खुद्द मूल. ज्या घरात आईवडिलांना इंग्रजी कमी येते तेथे मूलच दुभाषी होते. दुकानातील फलक, डब्यावरील मजकूर, शाळेची चिठ्ठी तेच वाचून दाखवते. त्यामुळे काय घ्यायचे या निर्णयात त्याचे वजन वाढते. आणि हेच मूल जाहिरातींचे लक्ष्य असते. स्पॅनिश दूरचित्रवाणीवरील खाद्यजाहिरातींत फास्ट फूड, मिठाया आणि गोड पेये यांचा भरणा असतो, फळे आणि भाज्या नावापुरत्याच, असे कनेक्टिकट विद्यापीठाच्या रड केंद्राच्या अहवालांनी दाखवले आहे. एका बाजूला वर्षातून एकदा मिळणारे पत्रक आणि दुसऱ्या बाजूला रोजची जाहिरात, असा हा सामना आहे.

सगळा उपदेश आईला केला की अपयशही तिच्याच नावावर लागते. मुलाचे वजन वाढले की दवाखान्यात मान खाली घालते ती आई. माझ्या मते हा या साहित्याचा सर्वांत गंभीर दोष आहे. दोन नोकऱ्या करणाऱ्या बाईला ते नवे ज्ञान फारसे देत नाही, नवी अपराधी भावना मात्र देते.

६. तिसरा आक्षेप : किंमत, वेळ आणि भीती यांबद्दल मौन

ताटाच्या चित्रात बिल नसते. अमेरिकन कृषी विभागाच्याच माहितीनुसार २०२३ मध्ये १३.५ टक्के कुटुंबांना पुरेशा अन्नाची खात्री नव्हती. हिस्पॅनिक कुटुंबांत हे प्रमाण २१.९ टक्के होते. ज्या घरात महिनाअखेरीस पैसे संपतात तेथे आई मुलाला नावडेल अशी भाजी आणण्याचा धोका पत्करत नाही. मुलाने ती टाकली तर तेवढे पैसे गेले आणि मूलही उपाशी. म्हणून जे नक्की खाल्ले जाईल तेच आणले जाते. हा अडाणीपणा नाही, हिशेब आहे.

वेळेचेही तसेच. कॅलिफोर्नियातील सॅलिनास आणि इम्पीरियल या खोऱ्यांत देशाच्या पालेभाज्यांचा मोठा भाग पिकतो. तो काढणारे हात मुख्यतः लॅटिनो मजुरांचे आहेत. पहाटे शेतावर जाऊन दिवसभर वाकून कोबी आणि लेट्युस काढणाऱ्या माणसाला ‘भाज्या जास्त खा’ हे सांगताना, त्या भाज्या शिजवण्याएवढा वेळ आणि विकत घेण्याएवढी मजुरी त्याच्याकडे आहे का, हे विचारायला हवे.

तिसरी गोष्ट भीतीची. २०१९ मध्ये अमेरिकन सरकारने असा नियम केला की अन्नसाहाय्यासारख्या काही योजनांचा लाभ घेणे कायमच्या वास्तव्याच्या अर्जात विरुद्ध धरले जाऊ शकते. फेब्रुवारी २०२० पासून तो लागू झाला आणि मार्च २०२१ मध्ये रद्द झाला. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठीची डब्ल्यूआयसी ही योजना त्या नियमात नव्हती. तरीही अनेक स्थलांतरित कुटुंबे धास्तीने अशा योजनांपासूनही दूर राहिली. आहाराच्या सवयीवर परिणाम करणारी ही गोष्ट कोणत्याही ताटाच्या चित्रात येत नाही.

७. तुलना : रचना बदलली तेव्हा काय झाले

केवळ दोष दाखवून समीक्षा पूर्ण होत नाही. आता तीन वेगळी उदाहरणे पाहू.

(अ) डब्ल्यूआयसीची शिधापेटी. ही योजना अल्प उत्पन्न गटातील गरोदर व बाळंत स्त्रिया आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ठरावीक अन्नपदार्थ देते. २००९ मध्ये तिच्यात मोठा बदल झाला. फळांचा रस कमी केला, दोन वर्षांवरील मुलांना कमी स्निग्धांशाचे दूध ठेवले, भाज्या-फळांसाठी रोख किमतीचे कूपन दिले, आणि अख्ख्या धान्याच्या पर्यायांत गव्हाच्या ब्रेडबरोबर मक्याच्या टॉर्टिया व ब्राउन राइस यांचा समावेश केला. टॉर्टिया चांगली की वाईट यावर भाषण झाले नाही. ती यादीत आली, एवढेच. आणि यादीत आल्यामुळे दुकानदारांनाही तो माल ठेवावा लागला. या योजनेतील २ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये लठ्ठपणाचे प्रमाण २०१० मध्ये १५.९ टक्के होते, ते २०१६ मध्ये १३.९ टक्के झाले. हिस्पॅनिक मुलांमध्येही घट झाली. २०२० मध्ये एकूण प्रमाण पुन्हा थोडे वाढून १४.४ टक्के झाले. या घटीचे सगळे श्रेय शिधापेटीला देता येणार नाही, कारण त्याच काळात इतरही बदल होत होते. पण दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. कूपनाची रक्कम मात्र मुलामागे महिन्याला सुरुवातीला फक्त ६ डॉलर होती. २०२१ मध्ये साथीच्या काळात ती तात्पुरती ३५ डॉलर केली गेली. सल्ला तोच, पण त्याच्यामागे उभी केलेली रक्कम किती वेगळी!

(आ) हॅम्पडेन परगण्यातील प्रयोग. मॅसॅच्युसेट्स राज्यातील या परगण्यात प्वेर्तो रिकन वस्ती मोठी आहे. तेथे २०११-१२ मध्ये अन्नसाहाय्य घेणाऱ्या कुटुंबांतून सोडत पद्धतीने ७,५०० कुटुंबे निवडली. त्यांनी ठरावीक फळे-भाज्यांवर एक डॉलर खर्च केला की ३० सेंट परत मिळत. निवडलेल्या कुटुंबांतील प्रौढांनी त्या फळे-भाज्या इतरांच्या तुलनेत सुमारे २६ टक्के जास्त खाल्ल्या. सोडत पद्धतीमुळे हा पुरावा भक्कम ठरतो. अर्थात टक्केवारी मोठी दिसली तरी प्रत्यक्ष वाढ दिवसाला सुमारे पाव कपाची होती, हेही लक्षात ठेवावे.

(इ) मेक्सिकोचा कर. १ जानेवारी २०१४ पासून मेक्सिकोने साखरयुक्त पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षात करपात्र पेयांची खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी आणि वर्षाच्या अखेरीस सुमारे १२ टक्क्यांनी घटली. गरीब कुटुंबांत घट अधिक होती. २०२० मध्ये तेथे डब्यांवर काळे अष्टकोनी इशारे आले. अमेरिकेत मात्र उलटे घडले. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने २०१४ मध्ये मतदानाने असा कर मंजूर केला, पण २०१८ मध्ये पेय उद्योगाच्या दबावाखाली राज्याने शहरांना नवे असे कर लावण्यास २०३१ पर्यंत बंदी घातली. म्हणजे आईने मुलाला सोडा देऊ नये असे सांगणारे पत्रक चालते, पण तो सोडा महाग करणारा कर चालत नाही.

८. दुसरी बाजू

वरील मांडणीवर आक्षेप घेता येतात आणि ते ऐकले पाहिजेत.

पहिला आक्षेप : परंपरेचे गोडवे गायले म्हणून परंपरेतील सर्वच पथ्यकर होत नाही. डुकराच्या चरबीत परतलेला घेवडा, तळलेले पदार्थ, गोड पाव, भरपूर साखर घातलेली ‘आग्वा फ्रेस्का’ ही पेयेही त्याच परंपरेत आहेत. दरडोई सोडा पिण्यात खुद्द मेक्सिको जगात वरच्या क्रमांकांवर राहिला आहे. हे मान्य आहे. म्हणूनच परंपरा जशीच्या तशी उचलण्याचा मुद्दा येथे नाही. तिच्यातले काय ठेवायचे आणि काय कमी करायचे हे त्या घरातील लोकांबरोबर ठरवावे, असा आहे.

दुसरा आक्षेप : मुलांना भरवण्याच्या पद्धतीचाही परिणाम होतो. अल्प उत्पन्न असलेल्या लॅटिनो कुटुंबांवरील अभ्यासांत, मुलाला हवे ते, हवे तेव्हा देणाऱ्या लाडाच्या पद्धतीचा अधिक वजनाशी संबंध दिसला आहे. त्यामुळे पालकांशी बोलणे निरर्थक ठरत नाही. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली जबाबदारीची विभागणी येथे उपयोगी पडते : काय, केव्हा आणि कोठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने. या नियमाला पैसा लागत नाही. पण आजीला तो पटवून द्यायला घरात जाऊन बसणारे माणूस लागते, भिंतीवरचे चित्र पुरत नाही.

असे माणूस म्हणजे ‘प्रोमोतोरा’, त्याच वस्तीतील, तीच भाषा बोलणारी प्रशिक्षित आरोग्यसेविका. आपल्याकडच्या आशाताईंशी तिचे काम मिळतेजुळते आहे. इम्पीरियल परगण्यात ‘एन्त्रे फामिलिया’ नावाच्या प्रकल्पात प्रोमोतोरा घरी जात, मालिकेसारखे भाग दाखवत आणि केवळ आईशी न बोलता घरच्यांना एकत्र बसवत. अशा प्रकल्पांतून दिसणारे बदल सहसा माफक असतात. पण त्यांत कुटुंबाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नसते.

९. समारोप

एखादे यंत्र वारंवार चुकीचे वापरले जात असेल तर चांगला अभियंता आधी यंत्राची रचना तपासतो, मग चालवणाऱ्याला प्रशिक्षण देतो. ‘मि प्लातो’च्या बाबतीत क्रम उलटा झाला आहे. चालवणाऱ्यासाठी सूचनापत्रक तयार आहे, यंत्र तेच आहे.

ताटाचे चित्र फेकून द्यावे असे मी म्हणत नाही. त्याची जागा शेवटी आहे. आधी यादीत टॉर्टिया यावी, हातात पुरेशा रकमेचे कूपन यावे, योजनेचा लाभ घेताना भीती नसावी, मुलाला लक्ष्य करणाऱ्या जाहिरातीला लगाम असावा. त्यानंतर ताटाचे चित्र दाखवले तर ते उपयोगी पडेल, आणि बहुधा ते चित्रही वेगळे असेल.

एक साधी गोष्ट जाता जाता. मका, मिरची, टोमॅटो, बटाटा, राजमा, पपई, पेरू, चिकू आणि सीताफळ ही सगळी पिके आपल्याकडे अमेरिका खंडातून आली. ज्या लोकांच्या पूर्वजांनी ती शेकडो पिढ्या जोपासली, त्यांच्या नातवंडांना आज भाज्या खायला शिकवले जात आहे. त्यांना शिकवण्याआधी त्यांच्या ताटात काय होते आणि ते कोणी काढून घेतले, हे विचारणे योग्य होईल.

विचारासाठी प्रश्न

१. भाषांतरित आरोग्यसाहित्य आणि एखाद्या समाजासाठी मुळातून तयार केलेले साहित्य यांतील फरक दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.

२. हॅम्पडेन प्रयोगात सोडत पद्धत वापरली नसती तर २६ टक्क्यांच्या निष्कर्षावर कोणते आक्षेप घेता आले असते?

३. तुमच्या भागातील अंगणवाडी किंवा शाळेतील आहारविषयक भित्तिपत्रक पाहा. ते कोणाला उद्देशून आहे, त्यातील पदार्थ तुमच्या भागात आणि परवडणाऱ्या किमतीत मिळतात का, आणि कोणत्या गोष्टीबद्दल ते मौन पाळते, यावर ३०० शब्दांत टीप लिहा.